काळ्या मातीच्या मुलखात बिगोनियाची कुंडी बदलताना

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास माझ्या मोबाइलवर एक फोटो हमखास येतो. नवीकोरी बारा इंची कुंडी, तिच्यात काठोकाठ काळीभोर माती, मधोमध उकडलेल्या मेथीसारखा मान टाकलेला बिगोनिया. खाली प्रश्न असतो, ‘ताई, कुंडी तर मोठी दिली, खतही घातलं, मग असं का झालं?’ उत्तर बहुतेक वेळा प्रश्नातच असतं. कुंडी मोठी दिली, खत घातलं आणि हे सगळं ऐन वैशाखात केलं.

मी स्वतः पहिले तीन बिगोनिया असेच घालवले. तेव्हा शेजारच्या आजी गॅलरीत डोकावून म्हणायच्या, ‘काय वं माय, झाडले पानी पाजी ऱ्हायनी का बुडाई ऱ्हायनी?’ मला राग यायचा. चौथ्या झाडाच्या वेळी त्यांचं म्हणणं पटलं.

हे लिहिते आहे ते पुण्या-नाशिकच्या हवेसाठी नाही, आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या हवेसाठी. मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, दुपारभर झळा लागतात, बोअरचं पाणी क्षारांचं आणि हाताशी माती म्हणाल तर कपाशीची. बिगोनियाला यातलं काहीच मानवत नाही. तरीही तो इथे वर्षानुवर्षं जगतो. फक्त कुंडी बदलायचे चार-सहा दिवस सांभाळावे लागतात.

आधी झाडाची जात समजून घ्या

सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या कातळांवर बिगोनिया क्रेनाटा नावाची छोटी गुलाबी फुलांची जात उगवते. तिच्या मुळांखाली काय असतं? बोटभर शेवाळ, थोडा कुजलेला पाला आणि लगेच दगड. पाणी दिवसभर झिरपत असतं पण साचत कुठेच नाही. पाऊस संपला की वरचं झाड वाळतं आणि कंद कातळाच्या फटीत पुढच्या पावसाची वाट बघत बसतो. जगभरात बिगोनियाच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत, त्यातल्या पुष्कळशा अशाच खडकांवर नाहीतर जंगलातल्या पालापाचोळ्यात वाढणाऱ्या. मुळं केसासारखी बारीक, उथळ पसरणारी. त्यांना ओल हवी आणि हवाही हवी. काळ्या मातीत ओल भरपूर, हवा जवळजवळ नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

(नावाची गंमत सांगून टाकते. सतराव्या शतकाच्या अखेरीस शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मगुरूने कॅरिबियन बेटांवर ही झाडं पाहिली आणि मिशेल बेगों या सरकारी अधिकाऱ्याचं नाव त्यांना दिलं. अधिकारी विस्मरणात गेला, झाड राहिलं.)

आपल्याकडच्या नर्सरीत साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला वॅक्स बिगोनिया, छोटी चकचकीत गोल पानं, बाराही महिने थोडीफार फुलं. हा सगळ्यांत सोशिक. दुसरा उसासारख्या पेरांच्या उभ्या काड्यांचा, पानं पंखासारखी, कधी त्यांवर चांदीचे ठिपके. त्याला एंजल विंग म्हणतात. तिसरा जाड गाठीसारख्या आडव्या खोडाचा, जे मातीवर सरपटत जातं. रंगीत पानांचा रेक्स याच्याच घरातला, मूळचा आसामकडचा. मोठ्या गुलाबासारख्या फुलांचे कंदवाले बिगोनिया थंड हवेचे. कुणी हौसेने महाबळेश्वरहून आणले तर हरकत नाही, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. नवखे असाल तर सुरुवात वॅक्सपासून करा. रेक्सचा रंग बघून भुलायला होतं, पण पहिल्याच वर्षी रेक्स घेणं म्हणजे पोहायला शिकायला थेट तापीच्या पुरात उतरणं.

कुंडी खरंच बदलायची आहे का?

पान गळलं की कुंडी बदलायची, हा आपल्याकडचा रोग आहे. पानं उन्हाने गळतात, कोरड्या हवेने गळतात, पाणी जास्त झालं तरी गळतात. त्यासाठी कुंडी बदललीत तर आजारी माणसाला तापात घर बदलायला लावल्यासारखं होईल.

मग कधी बदलायची? कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावतात तेव्हा. पाणी घातल्यावर ते वर न थांबता भसकन खालून निघून जातं, सकाळी भरपूर पाणी देऊनही दुसऱ्या दिवशी दुपारी झाड मान टाकतं तेव्हा. काडीचा बिगोनिया वरून जड होऊन कलंडायला लागला, किंवा सरपटणारं खोड कुंडीच्या काठावरून बाहेर लोंबायला लागलं तेव्हा. आणि आपल्याकडचं खास कारण म्हणजे मातीवर, कुंडीच्या कडेला पांढरी खरपुडी जमली तर. ते बोअरच्या पाण्यातले क्षार असतात. वरून खरवडून भागत नाही, माती बदलावीच लागते.

वॅक्स आणि काडीचा बिगोनिया साधारण वर्षातून एकदा, सरपटणारा दीड-दोन वर्षांनी, असा माझा हिशोब. बिगोनियाला कुंडीत थोडं दाटीवाटीने राहायला आवडतं, त्यामुळे शंका असेल तर थांबा.

नर्सरीतून आणलेल्या झाडाची गोष्ट वेगळी. काळ्या पिशवीत लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. पुण्याकडून गाडीने इथवर येईपर्यंत तो गोळा टिकावा म्हणूनच तसा केलेला असतो, पण घरी तो एकदा सुकला की विटेसारखा होतो आणि पाणी आत शिरतच नाही. ही माती बदलायची, पण आल्या दिवशी नाही. आधी आठ-पंधरा दिवस झाडाला आपल्या हवेची सवय होऊ द्या. बाकीच्या झाडांपासून वेगळं ठेवा, म्हणजे किडे आले असतील तर तेही कळतील.

वेळ: आखाजी नको, कानबाईच्या आत

बाहेरदेशीच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, वसंतात कुंडी बदला. त्यांचा वसंत म्हणजे पुढे चार महिने सौम्य ऊन. आपला वसंत म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा. फेब्रुवारीत बदललेल्या झाडाची मुळं जेमतेम सावरतात आणि मार्च संपताना झळा सुरू होतात. मुळं तुटलेलं झाड आणि 42 अंशांची कोरडी हवा ही जोडी जमत नाही.

आपला हंगाम पावसाळा. मृगाचा पहिला पाऊस पडला की हात शिवशिवतात, पण तेव्हा घाई नको. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर पुन्हा आठ-दहा दिवस कडक ऊन पडायची सवय आहे, पेरणीवाल्यांना विचारा. आर्द्रा जाऊ द्या. पुनर्वसू-पुष्याच्या सुमारास, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून हवेत ओल टिकते, पारा तिशीच्या आसपास येतो, तेव्हा कामाला लागा. श्रावणात कानबाई (आपल्या खानदेशातला देवीचा सण) बसायच्या आत सगळ्या कुंड्या उरकलेल्या बऱ्या. नंतर रोटांच्या गडबडीत आणि पुढे पोळा-गणपतीत कुणाला वेळ असतो? झाडालाही ऑक्टोबरच्या उकाड्यापूर्वी दोन-अडीच महिने मिळतात.

दुसरी छोटी संधी दिवाळीनंतर, नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्री चांगल्याच गार होतात आणि मुळांची वाढ थांबते, तेव्हा नको. मूळ कुजलं असेल तर मात्र मुहूर्त बघायचा नाही; मेमध्येसुद्धा त्याच दिवशी बाहेर काढायचं.

कुंडी किती मोठी, कशाची

फक्त एक पायरी. चार इंची कुंडीतून पाच इंची, फार तर सहा. जुन्या मातीच्या गोळ्याभोवती सव्वा ते अडीच सेंटिमीटर नवी जागा मिळाली की पुरे. कारण साधं आहे. ज्या मातीत मुळं नाहीत तिथलं पाणी कुणी पीत नाही, ते तसंच साचून राहतं आणि आंबतं. मोठी कुंडी म्हणजे मोठं घर नव्हे, मोठं डबकं.

बिगोनियाची मुळं उथळ, म्हणून खोल कुंडीपेक्षा पसरट बरी. सरपटणाऱ्याला तर परातीच्या घाटाची उथळ कुंडी छान दिसते. मातीची की प्लास्टिकची? यावर आमच्याकडे दोन तट आहेत. मातीची कुंडी घाम गाळते, मुळं गार ठेवते, पावसाळ्यात जास्तीचं पाणी उडवून लावते. पण उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागते आणि क्षाराच्या पाण्याने दोन वर्षांत पांढरी पडते. प्लास्टिकची ओल धरून ठेवते, म्हणून विसराळू माणसाला बरी, हौसेने पाणी घालणाऱ्याला घातक. मी हौशी आहे, म्हणून मातीची वापरते. तुम्ही कसे आहात ते तुम्हालाच ठाऊक.

नवी मातीची कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती पहिल्याच दिवशी झाडाच्या वाटचं पाणी पिऊन टाकते. जुनी असेल तर घासून, धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. तळाला भोक नसलेली चिनीमातीची भांडी शोभेला ठेवा, झाडाला नको.

आता खापराबद्दल. तळाला फुटक्या माठाचे तुकडे, खडी असा दोन बोटं थर द्यायची पद्धत आपल्या आईपासून चालत आली आहे. मीही वर्षानुवर्षं दिला. पण त्याने निचरा सुधारत नाही. भिजवलेला स्पंज उभा धरून बघा, वरचं पाणी उतरतं आणि खालच्या बोटभर भागात ते अडकून राहतं. कुंडीतल्या मातीतही तसंच होतं. खाली खडी घातली तर तो ओला पट्टा खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर शेडनेटचा एक तुकडा किंवा एकच खापर पालथं ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरतं. बाकी निचरा मातीतच असायला हवा.

मिश्रण

काळी माती नको. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी अर्धी लढाई जिंकली. कपाशीला, ज्वारीला ती सोनं आहे. पण ओली झाली की फुगून चिकट होते, सुकली की भेगा पडतात आणि त्या भेगांत बिगोनियाची केसासारखी मुळं तुटतात. शिवाय तिच्यात चुन्याचा अंश असतो, बिगोनियाला किंचित आंबट माती लागते. केळीच्या बागेतली किंवा वांग्या-टोमॅटोच्या वाफ्यातली ‘कसदार’ माती तर मुळीच आणू नका. तिच्यातून सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी येतात, मुळांवर बारीक गाठी धरतात आणि मग झाड का वाढत नाही ते वर्षभर कळत नाही.

मी घमेल्याच्या मापाने असं करते:

- धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 2 भाग
- कुजलेला, चाळलेला पालापाचोळा, 1 भाग
- जुनं गांडूळ खत, 1 भाग
- पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे), किंवा विटांचा हरभऱ्याएवढा चुरा, 1 भाग
- भाजलेलं भाताचं तूस किंवा ठेचलेला कोळसा, अर्धा भाग
- पूर्ण घमेल्याला एक मूठ निंबोळी पेंड

सहा इंची कुंडीला हे मिश्रण साधारण दीड-दोन लिटर लागतं. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते, म्हणजे एका विटेत घरातल्या सगळ्या कुंड्या होतात. पण ते दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. तूस नवापूरकडे भात गिरणीत सहज मिळतं. जळगावात ते शोधत फिरण्यापेक्षा भुईमुगाची टरफलं चुरून घातली तरी चालतात, फक्त वर्षभरात कुजून खाली बसतात.

कोळशाची सोय आपल्या घरीच आहे. हिवाळ्यात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भरिताची वांगी भाजली की उरलेले कोळसे पाण्याने विझवून, धुऊन डब्यात भरून ठेवायचे. राख मात्र घ्यायची नाही. राख चुन्यासारखी वागते आणि माती आणखी अल्कधर्मी करते. आमच्याकडे राख कुंडीत ओतायची इतकी सवय आहे की हे मला दरवर्षी घरच्यांना नव्याने सांगावं लागतं.

मिश्रण झालं का बघायचं असेल तर ओलसर करून मूठ आवळा. मूठ उघडल्यावर गोळा क्षणभर टिकला आणि बोट लावताच विस्कटला तर जमलं. लाडूसारखा टिकला तर विटांचा चुरा वाढवा.

प्रत्यक्ष काम

आदल्या संध्याकाळी झाडाला बेताचं पाणी द्या. सुक्या गोळ्यातून मुळं तुटतात, चिंब गोळा हातात फुटतो. ढगाळ दिवस, नाहीतर संध्याकाळची वेळ निवडा.

आणि सर्वांत आधी, मातीला हात लावण्यापूर्वी, एक फांदी कापून ठेवा. हा माझा कानाला खडा. काडीच्या किंवा वॅक्स बिगोनियाची चार-पाच इंचांची काडी दोन पेरांखाली कापून, खालची पानं काढून, काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात. रेक्सचं एक जून पान देठासकट ओल्या कोकोपीटमध्ये खोचायचं. मूळ झाड गेलं तरी वंश राहतो.

गोणपाट अंथरा. कुंडी आडवी करून कडेने हलके ठोका, झाड ओढू नका. बिगोनियाची काडी म्हणजे पाणी भरलेली नळी, ओढली की कट्कन मोडते. गोळा निघत नसेल तर कुंडीच्या कडेने जुनी सुरी फिरवा. एक हात मातीवर पालथा, देठ दोन बोटांच्या बेचक्यात, असं उलटं करून काढलं की सुटतं.

आता मुळं नीट बघा. सगळ्या कामात मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवते, कारण वर्षभर झाडाने काय सोसलं ते इथे दिसतं. पांढरी, मळकट पिवळसर, ताणल्यावर न तुटणारी मुळं निरोगी. तपकिरी, बुळबुळीत, ओढल्यावर वरची साल हातात येणारी मुळं कुजलेली. त्यांना नालीसारखा वासही येतो. तेवढी स्वच्छ कात्रीने कापून टाका आणि कात्री दर झाडानंतर पुसून घ्या. मुळांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो मातीतला पिठ्या ढेकूण. मग जुनी माती सगळी धुऊन काढा, कडुनिंबाच्या तेलाच्या पाण्यात मुळं बुचकळा आणि ती माती कुठल्याही कुंडीत परत टाकू नका. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर झाड वाचवायच्या फंदात न पडता वरून काडी घेऊन नवं करणं शहाणपणाचं.

निरोगी गोळा असेल तर तो फोडायचा नाही. बाहेरून गोल-गोल फिरलेली मुळं बोटांनी थोडी सैल करा, खालचा अर्धा इंच मातीचा झडू द्या, बस. नर्सरीच्या लाल मातीला मात्र वेगळी वागणूक. गोळा बादलीत अर्धा तास भिजत ठेवा आणि पाण्यातच बोटांनी एक तृतीयांश माती सोडवा. सगळी काढायच्या मागे लागू नका, तिच्याबरोबर मुळंही जातात. उरलेली पुढच्या वर्षी.

कुंडीत आधी थोडं मिश्रण, त्यावर गोळा, मग कडेने भरत जा. झाड पूर्वी जेवढं खोल होतं तेवढंच खोल ठेवायचं. सरपटणाऱ्या खोडाची तर पाठ मातीच्या वर दिसलीच पाहिजे. ते गाडलं की कुजलंच म्हणून समजा. खोड काठाला चिकटलं असेल तर त्याचं वाढीचं तोंड कुंडीच्या मध्याकडे वळवा, मागचं टोक काठाला टेकवा, म्हणजे पुढे सरकायला जागा मिळते. काडीच्या बिगोनियाला आधाराची काठी लावायची असेल तर आत्ताच. नंतर खोचली की मुळांत भाला.

माती अंगठ्याने दाबू नका. भाताचं रोप लावताना दाबतात तशी बऱ्याच जणांची सवय असते, त्याने मिश्रणातली सगळी हवा निघून जाते. कुंडी जमिनीवर दोन-तीनदा हलके आपटा, माती आपोआप बसते. काठाखाली बोटभर जागा सोडा. मग हळूहळू पाणी, खालून ठिबकेपर्यंत, एकदाच. थाळीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून द्या.

मुळं बरीच कापावी लागली असतील तर दोन गोष्टी करा. वरचीही एक तृतीयांश पानं काढा, आणि कुंडी मोठी नव्हे, लहान द्या. सहा इंचीतून चार इंचीत जायला लाज वाटू देऊ नका. माझ्याकडचा सर्वांत जुना बिगोनिया असा दोनदा खाली उतरलेला आहे.

काम झालं की हात धुवा. बिगोनियाच्या रसात ऑक्झॅलेट असतं, कातडी नाजूक असेल तर खाज येते. कुत्र्या-मांजरांच्या पोटात ते जाऊ नये, विशेषतः खोड आणि कंद. कापलेले तुकडे अंगणात फेकू नका.

पुढचे पंधरा दिवस

सावलीत, पण उजेडात. पूर्वेच्या गॅलरीत आतल्या बाजूला, किंवा 75 टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली. पावसाळा आहे म्हणून अंगणात उघड्यावर ठेवू नका. मिश्रण कितीही चांगलं असलं तरी तीन दिवसांची झड नव्या मुळांना सोसत नाही. वरून पत्रा किंवा गच्चीचा आडोसा हवाच. रेक्स असेल तर पारदर्शक पिशवी सैल पांघरून ठेवा, रोज थोडा वेळ उघडा.

पहिल्या आठवड्यात दोन-चार खालची पानं पिवळी पडून गळतील. गळू द्या. घाबरून पाणी वाढवलंत की खरी गडबड सुरू होते. पाणी द्यायचं की नाही हे ठरवायला बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तरच द्या. आणखी सोपं म्हणजे पाणी दिल्यावर कुंडी उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या, हलकी वाटली की द्या. कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं आणि आत ओलं असतं, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

पानांवर फवारा मारायचा मोह आवरा. पावसाळी हवेत दमटपणा आणखी वाढला की पानांवर भुरी येते, पिठाची भुकटी शिंपडल्यासारखी. तसं पान दिसताच काढून टाका, कुंड्या एकमेकांपासून थोड्या दूर सरकवा. कुंडीभोवती चिलटं उडायला लागली तर समजा माती सुकायला वेळच मिळत नाहीये.

खत पाच-सहा आठवडे नाही. मिश्रणात गांडूळ खत आहे तेवढं पुष्कळ. नवं पान उघडलं, ते मोठं झालं, मग सुरुवात करा. आपल्याकडे ठिबकवाल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात 19:19:19 या पाण्यात विरघळणाऱ्या खताची पिशवी असते, तेच चालतं, पण शेताच्या मापाने नाही. लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, ओल्या मातीवर.

पाण्याचं म्हणाल तर पावसाचं साठवा. पत्र्याच्या पन्हळीखाली एक टिपाड ठेवलं तर महिनाभर पुरतं, त्यावर डास होऊ नयेत म्हणून फडकं बांधा. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी ‘वाया कशाला’ म्हणून झाडांना घालणाऱ्या खूप जणी आहेत. त्यात उलट क्षार आणखी दाट झालेले असतात, ते फरशी पुसायला वापरा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही तसंच. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र चालतं. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला तर बहुधा क्षाराच्या पाण्यामुळे लोह मिळत नाहीये. तेव्हा खत वाढवू नका, पाणी बदला.

आणि मग उन्हाळा

जुलैत बदललेल्या कुंडीची परीक्षा एप्रिलमध्ये होते. होळी झाली की मी सगळे बिगोनिया घरात घेते. जागा निवडताना माझी एक खूण आहे: जिथे घरातला माठ ठेवतो ती बाजू. ती सहसा सावलीची, भिंत न तापणारी असते. फक्त माठ वाऱ्याच्या झोतात गार होतो आणि बिगोनिया त्याच झोतात करपतो, म्हणून माठाच्या आडोशाला, वारा लागणार नाही असा ठेवायचा. पसरट थाळीत वाळू, तिच्यात पाणी, त्यावर सगळ्या कुंड्या खेटून. कुंडीचं बूड पाण्यात नको, वाळूवर. कूलरच्या खोलीत खिडकीचा उजेड असेल तर तिथेही खुशाल राहतात.

या दिवसांत झाड वाढत नाही, फुलत नाही, थोडं केविलवाणं दिसतं. त्याला खत, छाटणी, नवी कुंडी यातलं काही नको असतं. मेच्या शेवटी काडीच्या बिगोनियाची शेंड्याची दोनच पानं उरली असतील तरी काडी दाबून बघा. घट्ट असेल तर झाड जिवंत आहे. पुनर्वसूपर्यंत तसंच राहू द्या.